तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या चंद्रकळा

जबलपूर, १९ जानेवारी १९२९

चि. शरद,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जायचा.

मंडल्याहून तुझं पत्र आलं. ते तू ह्यांच्या नावाने धाडलंस, माझ्या नाही. 'चौकशी होईपर्यंत इकडे नेमणूक झाली आहे, सर्वांची खुशाली कळवावी.' सर्वांची म्हणजे कोणाची, ते मात्र लिहिलं नाहीस. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलं आणि टोपी चढवून कचेरीला चालते झाले. घरात संकट आलं की ह्यांना कचेरी फार प्रिय होते, हे तुला नवीन नाही. तेव्हा खुशाली मीच कळवते.

माझ्या खांद्यावर एक वळ आहे, तो आता निळ्याचा पिवळा होत आलाय. शेजारच्या कुंदाचा कान सुजला होता, तो उतरला. बाकीच्या नुसत्या घाबरल्या आहेत. पण बेबीताईचं उजवं मनगट मोडलंय, दोन्ही हाडं. होय, तीच बेबीताई, बाबाराव ठेकेदारांची बायको, जिला तू तिच्या पाठीमागे तोफखाना म्हणायचास. डॉक्टर म्हणतात, हाड सांधेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटतील की नाही ते सांगता येत नाही. मनगटावर हिरवा चुडा भरलेला होता. काठी बसली तशा काचा आत गेल्या. संक्रांतीच्या दिवशी सवाष्णीच्या बांगड्या अशा वाढवल्या गेल्या, याचंच तिला हाडापेक्षा जास्त लागलंय.

तू तिथे होतास. तरी काय झालं ते मी लिहिते, कारण तुझ्या पोलीस खात्याने वर जे कळवलंय ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. म्हणे, बायकांनी काळे झेंडे दाखवले, बड्या साहेबाची मोटार अडवली आणि दगड फेकले.

आम्ही तिलवाऱ्याला नर्मदेवर संक्रांतीचं स्नान करून परत येत होतो. दरवर्षीसारख्या सगळ्याजणी काळ्या चंद्रकळा नेसलेल्या. हातात सुगडं, सुगडांत बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. विलायतेहून आलेल्या कमिशनावरून गावोगाव काळे झेंडे निघतायत, म्हणून त्या दिवशी साहेबाच्या वाटेवर काळ्या कपड्याला बंदी आहे, हे आम्हाला कोणी सांगायचं? आणि तुझ्या शिपायांना तरी कोणी सांगायचं की सणाला काळं नेसणारी माणसं या गावात आहेत? मोटार येतेय असं शिपाई ओरडले, तेव्हा धूळ उडेल म्हणून मीच म्हटलं, कडेला सरका, ओळीने उभ्या राहा. आम्ही नाकातोंडावर पदर घेतले आणि शहाण्यासारख्या ओळीने उभ्या राहिलो. लांबून ती ओळ कशी दिसली असेल ते मला आता कळतं.

जवळूनही तशीच दिसली का, ते मात्र कळत नाही. शिपायांनी 'हटो' म्हटलं आणि हटायला वेळ न देता काठ्या चालवल्या. मागे खड्डा होता आणि पुढे ते होते, आम्ही हटणार कुठे? आधी सुगडं फुटली. बेबीताईने तोंड वाचवायला हात वर केला.

त्याला आज पाच दिवस झाले. गाव सोडण्याआधी तिला बघायला जायला तुला फुरसत झाली नाही, असं मी लोकांना सांगते आहे.

तुझी ताई


जबलपूर, १ फेब्रुवारी

चि. शरद,

या वेळी पत्र माझ्या नावाने आलं आणि लांबलचक आलं. मी ते वाचून रडले. ह्यांना लिहू नकोस.

तू म्हणतोस, हुकूम तुझ्या साहेबाचा होता, काठ्या शिपायांच्या होत्या, तुझ्या हातात घोड्याच्या लगामाशिवाय काही नव्हतं. नव्हतं, ते मी पाहिलं. तू म्हणतोस, ऊन डोळ्यांवर होतं, धूळ होती, बायकांच्या तोंडावर पदर होते, कोण आहेत ते ओळखू आलं नाही. बरं.

आता इकडची हकीकत. भय्यासाहेब वकिलांनी आपल्या मराठी मंडळींची सभा भरवली. संक्रांतीला काळं नेसणं हा आपला रिवाज आहे हे सरकारला पटवायचं, म्हणून पुराव्यासाठी घरोघरच्या चंद्रकळा मागवल्या. त्यांची बैठक सध्या धोब्याच्या घाटासारखी दिसते. आपलं जुनं, विटकं लुगडं पुराव्यात जाऊ नये म्हणून निम्म्याजणींनी नवी चंद्रकळा घेतली. कापडवाला मारवाडी खूश आहे.

पण खरं काम वेगळ्याच वाटेने झालं. तुझे साहेब स्वतः इस्पितळात येऊन गेले, टोपलीभर संत्री घेऊन. बेबीताईच्या खाटेशी टोपी काढून म्हणाले, "बहुत अफ़सोस है, बाईजी. हमको मालूम नहीं था." बाबाराव तर विरघळलेच. कुंडमच्या जंगलातला त्यांचा लाकडाचा ठेका होळीनंतर पुन्हा मंजूर व्हायचा आहे, आणि साहेब लोक एकमेकांकडे जेवायला असतात. मग भय्यासाहेब, बाबाराव आणि साहेबांचा हेडक्लार्क असे तिघं बसले आणि तोड निघाली. खात्याने दगडांची गोष्ट मागे घ्यायची. आपण सांगायचं की आम्ही सणाला निघालो होतो, झेंडेवाल्यांशी आमचा संबंध नाही, आम्ही कोण हे पोलिसांना कळलं असतं तर हे घडलं नसतं, सबब आमची तक्रार नाही. साहेब जाहीर दिलगिरी व्यक्त करतील. तुला ताकीद मिळेल आणि तू परत येशील.

परत येशील, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. आई गेली तेव्हा तू माझ्या पदराला धरून चालत होतास, आणि तू जेवायला आलास की तुझं ताट मी अजून माझ्या ताटाशेजारीच मांडते. मी हो म्हटलं. चौकशीच्या साहेबापुढे बायकांच्या वतीने दोघींनीच बोलायचं ठरलंय, बेबीताईने आणि मी. तू विचारलंस, पदर तोंडावर होता हे मी सांगेन ना? सांगेन.

बेबीताईचं म्हणशील तर तोफखाना पूर्ववत सुरू आहे. तिच्या शेजारच्या खाटेवर सत्यवती नावाची एक हिंदी बोलणारी बाई आहे. तिने त्याच दिवशी गावात खरोखरचा काळा झेंडा धरला होता, आणि तिच्या पायाची नडगी मोडली आहे. तिच्या पायथ्याशी स्टुलावर एक शिपाई बसलेला असतो. मोडक्या पायाने ती पळून कुठे जाणार ते त्यालाच ठाऊक. बेबीताई डॉक्टरशी भांडली, "मले या झेंडेवालीच्या बाजूले काहून टाकलं? लोक काय म्हणतीन?" दुसरी खाट रिकामी नाही म्हणून गप्प बसली.

प्रकृतीला जप. मंडल्याला थंडी फार असते.

तुझी ताई


जबलपूर, १० फेब्रुवारी

चि. शरद,

गाडं अडलंय. बेबीताई ते वाक्य म्हणायला तयार नाही.

परवा मी भय्यासाहेबांनी पढवलेलं सगळं तोंडपाठ करून इस्पितळात गेले. बघते तर बेबीताई सत्यवतीच्या खाटेच्या कडेवर तिच्याकडे पाठ करून बसलेली, आणि सत्यवती तिची वेणी घालून देत होती. एकीचा हात चालत नाही, दुसरीचा पाय. दोघींमध्ये मिळून एक धड बाई होते, असं काहीतरी मी थट्टेने म्हणाले. स्टुलावरचा शिपाई संत्रं सोलत होता. ते त्याला बेबीताईनेच दिलं होतं.

बाबाराव खिडकीशी उभे होते. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की माझ्याआधी ते हरले आहेत. तरी मी तिला वाक्य म्हणून दाखवलं. आम्ही कोण हे पोलिसांना कळलं असतं तर हे घडलं नसतं.

"म्हणजे माझ्या जागी ही असती," बेबीताईने मागे अंगठा दाखवला, "तं मारलं ते बरोबर होतं?"

"असं कुठे म्हटलंय?"

"मंग काय म्हटलं? कळलं असतं तं मारलं नसतं. म्हंजे जिचं कळलं होतं तिले मारलं, ते ठीक. विनता, मी काही झेंडेवाली नाही. मले हे लोक आवडत नाही, हिच्या तोंडावर सांगून राहिली. आमच्या घरची चूल सरकारच्या जंगलावर पेटते. पण त्या साहेबानं मले संत्री देल्ली अन् हिच्या पायथ्याशी शिपाई बसवला. हाड तं दोघींचं मोडलं. मंग हे काहून?"

सत्यवती वेणी घालता घालता थांबली. "दीदी, मेरे लिए अपना नुक़सान मत करो. भाईसाहब का ठेका चला जाएगा."

"तू चुप बैठ. वेणी ढिली होऊन राहिली."

बाबाराव म्हणाले, "अवं, एका वाक्यापायी मले बुडवशीन."

"हात माझा मोडला, तुमचा नाही," ती म्हणाली, "अन् मी खोटं बोलत नाही, एवढंच. मी सणाले चालली होती हे सांगतो. पण माफी मागाची तं दोघींची मागा म्हणा. नाही तं संत्री घेऊन जा."

बाबारावांच्या हातात पागोटं होतं, ते त्यांनी डोक्यावर ठेवलं आणि पुन्हा काढलं. मी तिथून रागारागाने निघाले. वाटभर तिला मनातल्या मनात बोलत होते. हट्टी, आडमुठी, आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, आणि आता माझ्या भावाच्या भाकरीवर उठली आहे. घरी येऊन भांडी आदळली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरही ओरडले.

मला राग का आला ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. बेबीताईला त्या वाक्यातलं एक खोटं दिसलं. मला त्यातलं दुसरं पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुझा घोडा आणि तुझ्या साहेबाचा घोडा शेजारी शेजारी आमच्यासमोर आले, तेव्हा मी पदर खाली केला होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी हसले. सणाच्या दिवशी माझा भाऊ रस्त्यात भेटला म्हणून हसले, आणि तिळगुळाची पुडी वर करून तुला दाखवली. तू मान फिरवलीस. मग साहेबाने छडी आमच्याकडे रोखून तुला काहीतरी विचारलं आणि तू त्याला उत्तर दिलंस. ते मला ऐकू आलं नाही. लगेच काठ्या आल्या.

तू तुझ्या पत्रात ऊन लिहिलंस, धूळ लिहिलीस, पदर लिहिलास. पदराचं पुन्हा पुन्हा विचारलंस. मी पाहिलं की नाही, हेच तुला विचारायचं होतं, हो ना? मी पाहिलं. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होतं. तोवर मला वाटत होतं, माझीच काही चूक झाली असेल, दुसराच कोणी असेल घोड्यावर.

साहेबाला तू काय म्हणालास, शरद? 'ही माझी बहीण, आज आमची संक्रांत आहे, आमच्या बायका आज काळंच नेसतात.' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? घोडा मान हलवतो तेवढा. मी तुझ्या बाजूने खूप विचार करून पाहिला. तू मराठी मंडळींना झुकतं माप देतोस असं खात्यात बोलतात, हे तू दिवाळीत जेवताना सांगितलं होतंस. साहेबाच्या देखत बहीण रस्त्यात उभी राहून पुडी नाचवते, याची लाज वाटली असेल. बढतीचे दिवस होते. हे सगळं मला समजतं, आणि समजलं तरी गिळवत नाही.

आणि याच्याही पुढचं एक आहे, ते त्या तोफखान्याने माझ्या डोक्यात घातलं. समज, तू ते वाक्य म्हणाला असतास. आम्ही वाचलो असतो, हसत घरी आलो असतो, तुला तिळाच्या वड्या वाढल्या असत्या. गावात सत्यवतीची नडगी मोडली ते मला कळलंही नसतं. कळलं असतं तरी मी म्हणाले असते, झेंडे घेऊन हिंडायला कोणी सांगितलं होतं. ज्या बाईचा भाऊ घोड्यावर नाही तिने काय करायचं, हा प्रश्न मला खांद्यावर वळ उठेपर्यंत पडला नव्हता.

शनिवारी आमचे जबाब आहेत. मी काय बोलणार ते मला अजून माहीत नाही. रागात असले तरी आशीर्वाद आहेतच.

ताई


जबलपूर, रथसप्तमी

चि. शरद,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून अंगावरचं लुगडं न बदलता लिहायला बसले आहे.

सकाळी चौकशीसाठी सिव्हिल लाइन्सला गेलो. ह्यांनी रजा टाकली होती. एवढ्या वर्षांत ह्यांनी ताप असतानाही रजा टाकलेली नाही. मला काही न बोलता बरोबर आले आणि मागच्या बाकावर, आपल्याच कचेरीतल्या लोकांच्या देखत, बसले.

बेबीताईला आधी बोलावलं. हात गळ्यात अडकवलेला, वेणी मात्र घट्ट. चौकशीच्या साहेबाने विचारलं, तुमचा झेंडेवाल्यांशी काही संबंध? ती म्हणाली, नाही. सणाला गेला होतात? हो. मग तक्रार नाही असं लिहू? ती म्हणाली, "दोघींचं लिहा." साहेब म्हणाले, त्या दुसऱ्या बाईचा मामला वेगळा आहे, तो या चौकशीत येत नाही. त्यावर ती म्हणाली, "वेगळा काहून? शिपाई तुमचेच, काठी तुमचीच. मी काळं नेसलं होतं अन् तिनं काळं धरलं होतं, एवढाच फरक आहे. नेसलं त्याची माफी अन् धरलं त्याची शिक्षा, असं असन तं मले तुमची माफी नको." आणि साहेबाने जा म्हणायच्या आत साक्षीच्या चौथऱ्यावरून खाली उतरली. बाबाराव बाहेर व्हरांड्यात होते. ते आत आलेच नाहीत, पण ती बाहेर आली तेव्हा तिची चप्पल त्यांनी पायाने पुढे सरकवली. ठेक्याचं काय होईल ते होळीनंतर कळेल.

मग मला बोलावलं. नाव, नवऱ्याचं नाव, सगळं झालं. नवऱ्याचं नाव मी घेईना म्हणून कारकुनाने मागे बघून स्वतःच विष्णुपंत असं लिहून घेतलं. मग विचारलं, तुमच्या तोंडावर पदर होते का? मी म्हटलं, होते. भय्यासाहेबांनी हलकेच मान डोलावली. मग विचारलं, म्हणजे घोड्यावरच्या सबइन्स्पेक्टरांना तुम्ही कोण आहात हे ओळखता येणं शक्य नव्हतं?

शरद, मी खोटं बोलायला गेले होते. तुला हे कळावं असं मला वाटतं. मी घरून निघाले ती 'शक्य नव्हतं' असं म्हणायलाच. तोंड उघडलं तेही तेच म्हणायला. पण समोर चौकशीचा साहेब लेखणी घेऊन इतक्या आशेने माझ्याकडे बघत होता की माझ्या लक्षात आलं, या उत्तराची गरज मला आहे त्याहून त्याला जास्त आहे. एकदा मी ते दिलं की सगळं मिटलं. ऊन होतं, धूळ होती, बायका चुकीचं लुगडं नेसल्या होत्या, आणि पुढच्या वेळी काठी उगारण्याआधी काय करायचं, तर लुगडं नीट बघून घ्यायचं.

मी म्हटलं, "त्यांनी मला ओळखलं होतं. मी त्यांची सख्खी बहीण. मी पदर खाली केला होता."

भय्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले. साहेबाने विचारलं, मग त्यांनी काय केलं? मी म्हटलं, त्यांना त्यांच्या साहेबाने काहीतरी विचारलं आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. काय उत्तर दिलं? मी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, त्यांनाच विचारा. लेखणी बराच वेळ चालत होती. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडले नाही.

घरी निघालो. वाटेत हे म्हणाले, "त्याची नोकरी जाईल." मी म्हटलं, हो. "आपल्यालाही बदली करून कुठेतरी लांब टाकतील, बालाघाटला वगैरे." मी म्हटलं, टाकतील. मग बाजार लागला तशी म्हणाले, "वांगी घ्यायची का?" आम्ही वांगी घेतली.

मी तुला वाचवलं नाही. याचं मला वाईट वाटतंय, आणि ते उद्याही वाटेल. तू मला बहीण म्हणू नये असं तुला वाटलं तर तो तुझा हक्क आहे, मी भांडायला येणार नाही. पण तू वाईट माणूस आहेस असं मी तिथे म्हटलं नाही, इथेही म्हणत नाही. तू भ्यालास. घाबरलेल्या माणसाच्या हाताखाली काठ्या दिल्या की काय होतं, ते मी पाहिलं.

पुढच्या सोमवारी तुझा जबाब आहे. त्या दिवशी साहेबाने काय विचारलं आणि तू काय म्हणालास, हे तुला विचारतील. तुझे साहेब तिथेच खुर्चीवर बसलेले असतील, म्हणजे परीक्षा तीच आहे, फक्त घोडे नाहीत. तू काय सांगणार ते मला आधी कळवू नकोस आणि माझा सल्लाही मागू नकोस. बेबीताई येणार आहे. सत्यवतीला येऊ देणार नाहीत. मी अगदी पुढच्या बाकावर बसेन, पदर खांद्यावर ठेवून. तू आत आलास की मान फिरवू नकोस.

तुझी ताई